घरात कॉम्प्युटर तीन, मेलचा पत्ता एक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात प्रतापनगरच्या आमच्या घरात खाली बाबांचा डेस्कटॉप आहे. वर माझा लॅपटॉप आणि वहिनीचा शिकवणीचा लॅपटॉप. राउटर एक आणि घरचा म्हणून सगळीकडे दिलेला मेलचा पत्ताही एकच. हे जुळवताना ज्या चुका व्हायच्या त्या सगळ्या माझ्याकडून होऊन गेल्या आहेत. त्यामुळे आता गल्लीतला कुणीही अडला की फोन मलाच येतो. रोज संध्याकाळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

"भाऊ, मेल बाबाच्या कॉम्प्युटरवर आला, माझ्याकडे काऊन नाही येऊन राहिला?"

कारण बाबांच्या कॉम्प्युटरनं तो आधीच उचलून नेला आहे. या जुन्या पद्धतीला पीओपी म्हणतात. तिचा स्वभाव साधा आहे: सर्व्हरवर, म्हणजे मेल सांभाळणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर, जायचं, आलेलं सगळं उतरवून घ्यायचं आणि सर्व्हरवरून पुसून टाकायचं. घरात एकच कॉम्प्युटर असायचा, टेलिफोनच्या तारेवरून नेट लागायचं आणि जितका वेळ लाइन चालू तितकं बिल चढायचं, त्या काळात हे बरोबरच होतं. मेल घ्या, लाइन सोडा, मग निवांत वाचा.

आता तीन कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी सर्व्हरचं दार वाजवतात. जो आधी पोचतो त्याच्या हातात पत्र पडतं, बाकीच्यांना पत्र आलं होतं हेही कळत नाही. आमच्याकडे वहिनीच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी फीची पावती मागितली होती. तो मेल खाली डेस्कटॉपवर पडला आणि बाबांनी "हे आपलं नाही" म्हणून उडवून टाकला. पंधरा दिवसांनी ते गृहस्थ शिकवणीच्या दारात उभे राहिले, तेव्हा वहिनीला कळलं.

मग उपाय काय?

आयमॅप. यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि प्रत्येक कॉम्प्युटर तिथे जाऊन तो पाहतो. ही पद्धत नवी नाही. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तिची सुरुवात केली. एकच माणूस वेगवेगळ्या यंत्रांवरून आपली टपाल पाहणार, ही अडचण तेव्हाही होतीच.

आईला मी हे दुधाच्या हिशेबावरून समजावलं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर एक कॅलेंडर असतं. दूध कुणीही घेवो, त्या तारखेच्या चौकोनात "१" किंवा "खाडा" लिहितो आणि महिनाअखेरीला सगळ्यांना तोच हिशेब दिसतो. प्रत्येकानं आपापल्या डायरीत लिहिलं असतं, तर दूधवाल्याशी रोज भांडण झालं असतं. आयमॅप म्हणजे ते भिंतीवरचं कॅलेंडर. तुम्ही खाली मेल वाचला की तो वरही वाचलेला दिसतो. उत्तर दिलं की उत्तराचा बाण दोन्हीकडे येतो, फोल्डर केलं की सगळीकडे तयार होतं. पाठवलेले मेलही सर्व्हरवरच राहतात, आणि माझ्या मते खरा फायदा हाच आहे. पीओपीत पाठवलेला मेल ज्या कॉम्प्युटरवरून गेला तिथेच अडकून पडतो.

यासाठी घरातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडावे लागतात का?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की लोक मला विचारायच्या आधीच केबल विकत आणून ठेवतात. प्रत्येक कॉम्प्युटर राउटरमार्फत बाहेरच्या सर्व्हरशी स्वतंत्र बोलतो. वरच्या लॅपटॉपला खालचा डेस्कटॉप दिसतही नसला तरी चालतं. डेस्कटॉप बंद असला तरी चालतं. लॅपटॉप पुण्याला नेला तरी चालतं.

आपलं खातं पीओपीवर आहे की आयमॅपवर, कसं ओळखायचं?

थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा प्रकार सरळ लिहिलेला असतो. बाकी कुठल्याही प्रोग्राममध्ये पोर्टचा, म्हणजे सर्व्हरच्या कुठल्या दारानं जायचं त्याचा, आकडा पाहा. ९९५ किंवा ११० असेल तर पीओपी, ९९३ किंवा १४३ असेल तर आयमॅप. ९९५ आणि ९९३ हे सुरक्षित जोडणीचे आकडे आहेत, तेच वापरा. मेल पाठवायची सोय वेगळी असते, तिला एसएमटीपी म्हणतात. तिथे ४६५ किंवा ५८७ असतं आणि दोन्ही पद्धतींत ते बदलत नाही.

पीओपीचं खातं तिथल्या तिथे आयमॅप करता येतं का? दहा वर्षांचा मेल आहे.

तिथल्या तिथे होत नाही. तेच खातं आयमॅप म्हणून नव्यानं जोडावं लागतं आणि जुना मेल हातानं सरकवावा लागतो. रविवार राखून ठेवा आणि घाई करू नका.

आधी संपूर्ण प्रोफाइलची, म्हणजे थंडरबर्ड ज्या फोल्डरात मेल आणि सेटिंग ठेवतो त्याची, नक्कल पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. विंडोजवर 'ॲपडेटा'च्या आत 'रोमिंग', त्यात 'थंडरबर्ड' आणि त्यात 'प्रोफाइल्स', अशी ती जागा आहे. नक्कल घेताना थंडरबर्ड बंद ठेवा. मग त्याच थंडरबर्डमध्ये तोच पत्ता आयमॅप म्हणून जोडा. आता डावीकडे दोन खाती दिसतील, जुनं आणि नवं. नव्या खात्यात वर्षावार फोल्डर करा आणि जुन्यातले मेल निवडून, दोनशे-तीनशेच्या टप्प्यानं, नव्या फोल्डरात नक्कल करा. 'हलवा' नाही, 'नक्कल करा'. मध्येच वीज गेली तर अर्धे मेल इकडे, अर्धे तिकडे आणि काही कुठेच नाहीत, अशी गत होते.

दोन ठिकाणी गाडी अडते. पहिली गोष्ट जागेची: जीमेलवर फुकटची १५ जीबी ड्राइव्ह आणि फोटोंसह मिळून आहे. भाचीच्या वाढदिवसाच्या व्हिडिओंनी ती आधीच भरली असेल तर जुन्या मेलला जागा कुठून मिळणार? दुसरी म्हणजे आयमॅपवरून चढवायला गुगलनं दिवसाला ५०० एमबीची मर्यादा ठेवली आहे. बाबांचा साठा सव्वातीन जीबी होता. रोज जेवण झाल्यावर एक वर्ष चढवायचं असं करत आठवडा गेला.

सगळं चढलं की दोन्हीकडच्या मेलची संख्या जुळवा, वहीत लिहून. जुळली की मगच जुनं खातं काढा, आणि काढताना 'संदेशांचा डेटाही पुसा' या चौकटीतली खूण तपासा. ती नसावी.

थंडरबर्डचं फोल्डर नेटवर्कवर शेअर केलं तर? सगळे तेच उघडतील.

करू नका. कल्पना अगदी सरळ वाटते म्हणून प्रत्येकाला सुचते. मलाही सुचली होती.

मी बाबांच्या डेस्कटॉपवरचं प्रोफाइल शेअर केलं आणि वरच्या लॅपटॉपला तीच जागा दाखवली. पहिल्याच दिवशी वर निरोप आला की थंडरबर्ड आधीच चालू आहे. प्रोफाइलमध्ये कुलपाची एक फाइल असते, 'पेरेंट डॉट लॉक' नावाची. एका वेळी एकानंच आत यावं, एवढंच तिचं काम. मी शहाणपणा करून ती फाइल उडवली. तीन दिवस मस्त चाललं. चौथ्या दिवशी बाबांनी इनबॉक्स उघडला तर एका मेलच्या पोटात दुसऱ्याच मेलचा मजकूर होता. विषय विम्याचा आणि आत लग्नाची पत्रिका.

असं का होतं ते सांगतो. थंडरबर्ड मुळात प्रत्येक फोल्डरसाठी एकच लांबलचक फाइल ठेवतो, तिला एमबॉक्स म्हणतात. सगळे मेल एकाखाली एक, चिकटवलेल्या कागदांच्या गुंडाळीसारखे. कुठला मेल कितव्या अक्षरापासून सुरू होतो याची यादी वेगळ्या फाइलीत असते. खालच्यानं एक मेल जोडला आणि त्याच वेळी वरच्यानं जागा वाचवायला फाइल आवळली, की यादीतले आकडे आणि गुंडाळी यांचा मेळ सुटतो. कुलूप त्यासाठीच होतं.

मायक्रोसॉफ्टचा आउटलुक हा मेलचा प्रोग्राम आपले मेल ज्या पीएसटी फाइलीत ठेवतो, तिचंही तेच आहे. ती नेटवर्कवरच्या जागेवरून उघडून वापरण्याला मायक्रोसॉफ्ट आधार देत नाही, आणि दोघांनी एका वेळी वापरायला ती बनवलेलीच नाही. ऑफिसातला कुणी "आमच्याकडे चालते" म्हणाला तर त्याला चालवू द्या.

मला पीओपीच ठेवायचं आहे. मेल आपल्या घरी असलेला बरा वाटतो.

हे म्हणणं मला मान्य आहे. मग निदान 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण प्रत्येक कॉम्प्युटरवर करा. प्रत्येक मेलला सर्व्हर एक वेगळी ओळख देतो आणि आपण कुठले मेल घेतले याची यादी प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःजवळ ठेवतो. त्यामुळे तिघांनाही सगळे मेल एकेकदा मिळतात. सर्व्हरवरून पुसायचा अधिकार एकाच कॉम्प्युटरला द्या, तोही तीस दिवसांनी वगैरे.

जीमेल इथे थोडा वाकडा आहे. त्यावर पीओपीनं एकानं मेल नेला की दुसऱ्याला तो मिळेलच असं नाही. त्यासाठी युजरनेमच्या आधी इंग्रजीत 'रीसेंट' आणि त्यापुढे कोलन लिहायचा. मग कुणी नेला, कुणी नाही हे न बघता मागच्या ३० दिवसांचा मेल प्रत्येकाला मिळतो.

पाठवलेल्या मेलचं दुखणं मात्र राहतंच. प्रत्येक मेलची गुप्त प्रत स्वतःला पाठवायची, हा त्यावरचा जुना तोडगा आहे. काही दिवसांनी त्याचा कंटाळा येतो.

एकानं वाचला की सगळ्यांना वाचलेला दिसतो. मग माझा मेल मला कळणार कसा?

वहिनीची हीच तक्रार होती आणि ती खरी आहे. वाचला, उत्तर दिलं, तारा लावला, या खुणा आयमॅपमध्ये मेलसोबत सर्व्हरवर राहतात, माणसासोबत नाही. सर्व्हरला तुमचं घर म्हणजे एकच माणूस.

आम्ही असं केलं: 'बाबा', 'वहिनी', 'वीज-पाणी-टॅक्स' अशी फोल्डरं सर्व्हरवर बनवली आणि शाळा, पालक, बँक यांच्या पत्त्यांनुसार मेल आपोआप तिकडे जातील असे नियम लावले. हे नियम जीमेलच्या वेबपानावर लावा, थंडरबर्डमध्ये नाही. थंडरबर्डचा नियम तो कॉम्प्युटर चालू असेल तेव्हाच चालतो, आणि दोन कॉम्प्युटरवर वेगवेगळे नियम असले तर मेल इकडून तिकडे उड्या मारतो. महावितरणच्या बिलाचा मेल ज्यानं भरला त्यानंच 'भरलं' नावाच्या फोल्डरात टाकायचा. मे महिन्यात कूलर दिवसरात्र चालतो, बिल पाहून सगळेच दचकतात आणि भरलं का ते कुणी विचारत नाही. एकदा दोघांनी भरलं होतं.

थंडरबर्ड मध्येच "खूप जोडण्या झाल्या" म्हणतो. व्हायरस आहे का?

नाही, ही साधी बेरीज आहे. जीमेल एका खात्याला एका वेळी आयमॅपच्या १५ जोडण्या देतो. थंडरबर्ड मुळात प्रत्येक खात्यासाठी पाचपर्यंत जोडण्या धरून ठेवतो. तीन कॉम्प्युटर गुणिले पाच म्हणजे पंधरा. तुमच्या फोनवरचं मेलचं ॲप आलं की सोळावी, आणि मग कुणाला तरी दाराबाहेर राहावं लागतं. खात्याच्या सर्व्हर सेटिंगमधल्या प्रगत भागात हा आकडा असतो. प्रत्येक कॉम्प्युटरवर तो दोन करा. फरक जाणवत नाही. हे कळायला मला दोन रात्री लागल्या आणि त्या दोन रात्री मी नेट देणाऱ्या कंपनीला उगाच फोन करत होतो.

पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही.

वेबपानावर चालतो आणि प्रोग्राममध्ये चालत नाही, असंच ना? गुगल आता बाहेरच्या प्रोग्रामला नेहमीचा पासवर्ड देऊ देत नाही. खातं जोडताना गुगलचीच खिडकी उघडली पाहिजे आणि पासवर्ड त्यात दिला पाहिजे. थंडरबर्डमध्ये त्यासाठी ओळख पटवण्याची पद्धत 'ओऑथ२' ठेवा. प्रोग्राम फारच जुना असेल तर द्विस्तरीय पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड बनवता येतो. प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळा बनवा, म्हणजे एखादा लॅपटॉप चोरीला गेला तर फक्त त्याचाच रद्द करता येतो. मायक्रोसॉफ्टनंही हॉटमेल आणि आउटलुकच्या घरगुती खात्यांसाठी साधा पासवर्ड १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद केला आहे. त्यानंतर ज्यांचं आउटलुक २०१० रुसून बसलं त्यांनी उगाच पासवर्ड बदलत बसू नये.

सगळ्या घराचा एकच पत्ता ठेवावा का?

माझं मत: घरचा एक पत्ता खुशाल ठेवा, पण बँक, आधार, आयकर यांना तो देऊ नका. ज्याचा पैसा त्याचा पत्ता. घरच्या पत्त्याचा पासवर्ड पाच जणांना माहीत असतो, फ्रिजवर चिकटवलेला असतो, आणि त्याच पत्त्यावर बँकेचा पासवर्ड बदलायची लिंक येते.

वडिलांचा मेल मुलीनं पाहायचा असेल तर पासवर्ड देण्याची गरज नाही. जीमेलमध्ये दुसऱ्याला प्रतिनिधी नेमता येतं, साध्या खात्यात १० जणांपर्यंत. ती आपल्या खात्यातून बाबांचा मेल वाचते आणि उत्तर देते, पासवर्ड मात्र बदलू शकत नाही. ही सोय जीमेलमध्येच चालते, थंडरबर्डमध्ये नाही.

तोच मेल दोन-दोनदा का उतरतो?

जीमेलचं 'ऑल मेल' फोल्डर. त्यात इनबॉक्समधला मेल असतोच, त्यामुळे साठा दुप्पट होतो. जीमेलच्या लेबलांच्या सेटिंगमध्ये 'आयमॅपमध्ये दाखवा'ची खूण त्याच्यापुरती काढा.

पत्त्यांची वही सगळीकडे का येत नाही?

कारण आयमॅप फक्त मेल पाहतो. संपर्कांसाठी कार्डडॅव्ह नावाची वेगळी व्यवस्था आहे आणि थंडरबर्डला ती येते. एकदाच जोडावं लागतं.

घरातच स्वतःचा मेल सर्व्हर लावला तर?

हौस असेल तर जरूर लावा. रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर घ्यायचा आणि त्यावर डव्हकॉट हा मेल सर्व्हरचा प्रोग्राम बसवायचा. फेचमेल किंवा गेटमेल या प्रोग्रामनं बाहेरचा मेल ओढून त्यात टाकायचा, मग घरातले सगळे कॉम्प्युटर आयमॅपनं त्याच्याकडे येतात. साठा घरात आणि मेल सगळ्यांना, म्हणजे पीओपीवाल्यांचीही हौस भागते. डव्हकॉटला मेलडीर पद्धतीनं साठवायला सांगा. त्यात प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते, म्हणून ती वरची गुंडाळीची भानगड होत नाही. राउटरमध्ये पायचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा आकडा) राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आली की त्याला नवा आकडा मिळतो आणि सगळं घर ओरडतं.

पाठवायचं काम मात्र बाहेरच्या एसएमटीपीवरच सोडा. घरच्या बदलत्या आयपीवरून थेट पाठवलेला मेल समोरचे सर्व्हर कचरा समजतात. घराबाहेरून आपल्या पायपर्यंत पोचणंही सोपं नाही, कारण बरेच नेटवाले एकच बाहेरचा आयपी अनेक घरांत वाटतात.

माझा पाय दीड वर्ष चालला. मी तो खिडकीपाशी ठेवला होता, तिथेच उन्हाळ्यात कूलर लागतो. पाण्याचे तुषार आणि ४५ अंश, दोन्ही त्याच्या वाट्याला आले. त्यातच मेमरी कार्ड गेलं. दुसऱ्यांदा लावलाच तर कार्डाऐवजी एसएसडी घेईन आणि कूलरपासून दूर ठेवीन.

मेल सर्व्हरवर आहे, मग बॅकअप कशाला?

कारण आयमॅपमध्ये एकानं पुसलं की सगळीकडचं जातं. जीमेलची कचरापेटी ३० दिवसांनी रिकामी होते. दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर गुगल ते खातंच काढून टाकू शकतं. आजोबांच्या नावाचं खातं घरात असेल तर अधूनमधून उघडत जा.

आणि फक्त घरातल्या कॉम्प्युटरवर ठेवण्यातला धोका नागपूरकरांना वेगळा सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं. माझ्या ओळखीच्या एका काकांचा सीपीयू तळमजल्यावर फरशीवर होता, मेल पीओपीवर, सर्व्हरवर काही नाही. चिखल धुऊन, उन्हात वाळवून डिस्क आणली होती. चालू झाली नाही. एका कॉम्प्युटरवर थंडरबर्डमध्ये 'संदेश या कॉम्प्युटरवर ठेवा' ही खूण करा आणि त्या प्रोफाइलची नक्कल महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर घ्या. डिस्क वरच्या मजल्यावर ठेवा. ही खूण केली की नेट गेलेलं असतानाही जुने मेल वाचता येतात. लिहिलेला मेल आउटबॉक्समध्ये थांबतो आणि नेट आलं की जातो.

जुना डेस्कटॉप काढायचा आहे. मेल आयमॅपवर आहे, म्हणजे सरळ देऊन टाकू ना?

थांबा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून जुने डेस्कटॉप घराबाहेर पडताहेत आणि हा प्रश्न रोज येतो. थंडरबर्ड उघडा आणि डावीकडे अगदी खाली 'लोकल फोल्डर्स' दिसतं ते पाहा. त्यातलं काहीही सर्व्हरवर नसतं. माणसं वर्षानुवर्षं महत्त्वाचे मेल "नीट ठेवायचे" म्हणून तिथेच ओढून ठेवतात. बाबांच्या डेस्कटॉपवर ते फोल्डर मी सहज उघडलं, तर आत 'पेन्शन' नावाचं फोल्डर होतं आणि त्यात ४१२ मेल.